दाब

सिनेमावाले आले तेव्हा मी बटणं मोजत होतो.
जीपमधून उतरलेल्या पोरीनं फोटो दाखवला,
पेपरात आलेला, तोच:
तळ्याच्या पाळूवर वाळत टाकल्यासारखे
अकरा निळे सदरे.
म्हणली, चाचा, असेच पायजेत. अगदी हेच.

हेच कुठून आणू?
खय्यूम टेलर, जिंतूर रस्ता, गावात दुकान एकच.
इथली एकूण एक शाळकरी मान
माझ्या टेपमधून गेलेली.
वही काढली. दोन वर्षांमागचा जून.
मुंजाजी, धुरपताबाईचा: छाती चोवीस, उंची अठरा,
पुढं माझंच अक्षर –
दाब दोन इंच ठेवणे, लेकरू वाढायलंय.
आसमाचं माप लिहिलेलंच नाही.
साडूची पोर ती, दारात उभी राहायची,
मला नजरेनंच कळायचं.

मग त्यांची लेकरं आली,
काही पुण्याची, काही परभणीच्या शिबिरातली.
गुदगुल्या होतात म्हणून हसायलीत.
एकाच्या छातीवर टेप चोवीसला थांबला
आन मी तोंडातली टाचणी काढून बाजूला ठेवली.

शिवले. खालच्या घडीत दाब ठेवला.
ड्रेसवाला म्हणला, कशाला चाचा?
तीन आठवड्यांचं तर काम.
म्हणलं, हात ऐकत नाही.

कपडे फार नवे दिसायलेत म्हणून
त्यानं ते चहाच्या पाण्यात बुडवले,
दगडावर घासले, उन्हात टाकले.
आमच्या बाया नीळ घालून घालून
जो रंग टिकवायच्या
तो हा पगार घेऊन घालवत होता.
मी उंबऱ्यात बसून बघितलं. चहा मात्र त्याला पाजला.

गावाला गर्दी व्हायचं होतं.
दिवसाला चारशे, वर जेवण.
खडूनं जागा आखून द्यायच्या आधीच
जो तो आपल्या जागी जाऊन उभा राहिला,
त्या दिवशी जिथं होता तिथं.
भोंग्यातून आवाज आला: रडा.
कुणी रडेना.
एक पोरगा डोळ्यात घालायचे थेंब घेऊन
रांगेतून फिरला, तीर्थ वाटल्यासारखा.
मुंबईची बाई, जिला धुरपता व्हायचं होतं,
ती मात्र अशी रडली, अशी रडली,
की खरी धुरपता तिला पाणी घेऊन गेली.

त्या दुपारी शेषेराव आला.
टेम्पो ज्याच्या पोराचा, तो.
दोन वर्षं गिरणीवर त्याचं दळण शेवटाला लागतं,
कुणी म्हणत नाही, पण लागतं.
बाभळीखाली उभा राहिला, टोपी हातात.
सगळ्यांनी तळ्याकडं बघितलं.
धुरपता सरकली.
एका माणसापुरती, जास्त नाही.
तो आला, उभा राहिला.
कॅमेऱ्याची तेव्हा बॅटरी बदलायलीत.
त्यांना काहीच सापडलं नाही त्यातलं.

गेले. पेटी भरताना मी सदरे मोजून दिले,
दहा.
अकरावा मोजायला विसरलो म्हणा.

पुढं आखाजीच्या आसपास ती दुकानात आली.
सदरा कुठं ठेवलाय ते तिला कुणी सांगितलं, देव जाणे.
काउंटरवर पसरून हात फिरवला,
म्हणली, दाब सोड, चाचा.
आता त्याला आखूड झाला असंल.

मी काही बोललो नाही. ब्लेड घेतलं,
एक एक टाका उसवला.
घडी उलगडली तर आत
दोन इंच कापड
ना चहा लागलेलं, ना ऊन:
शाळेच्या पहिल्या दिवसाइतकं निळं.

ती बघत राहिली. मी नवी शिलाई मारली,
काठाला लागून, दाब न ठेवता.

कात्रीखाली वीसची नोट ठेवून गेली.
मशीनला तेल द्यायचं राहिलं होतं,
दिलं.